बंड्यासाठी बर्लिनहून काय आणायचं आणि काय नाही

पूर्वी मुंबईला यायचं ठरलं की घरच्या ग्रुपवर लिस्ट यायची. चॉकलेट, परफ्यूम, बाबांच्या गुडघ्यासाठी कसलंतरी मलम. हल्ली माणसांना काहीच नको असतं, सगळं इथेच दारात येतं म्हणे, पण बंड्याची लिस्ट मात्र न चुकता येते. बंड्या म्हणजे मुलुंडला दादाकडे असलेला आमचा देशी कुत्रा, एक कान उभा, एक पडलेला, आणि स्वभावाने थेट आईवर गेलेला. माझ्याकडे बर्लिनला चिकू आहे, रोमानियातून रेस्क्यू करून आणलेली (जर्मनीत असे रोमानियन कुत्रे गल्लोगल्ली दिसतात), त्यामुळे दादाने ठरवून टाकलंय की कुत्र्यांच्या वस्तूंमधलं हिला सगळं कळतं आणि तिकडे मिळतं ते सगळं भारीच असणार.

तिकडे भारी मिळतं हे खरंच आहे. आपल्या पार्ल्याच्या बाजारात एका गल्लीत जेवढी दुकानं मावतील तेवढ्या जागेत एकच दुकान असतं आणि ते फक्त प्राण्यांचं. पण या वस्तू तिकडच्या हवेसाठी, तिकडच्या किड्यांसाठी आणि तिकडच्या रिकाम्या फुटपाथसाठी बनवलेल्या असतात. मुंबईत कुत्रा पाळायचा म्हणजे दमटपणा, गोचीड आणि गर्दी या तिघांशी रोजची मारामारी, आणि तिथे बर्लिनचं निम्मं सामान माळ्यावर जातं. मला दर महिन्याला कोणी ना कोणी मेसेज करून विचारतं म्हणून एकदा लिहूनच टाकते.

सुरुवात कूलिंग व्हेस्टपासून, कारण ते दादाने रील बघून हट्टाने मागवलं होतं. पाण्यात बुडवायचं, पिळायचं आणि कुत्र्याच्या अंगात चढवायचं, पाणी उडून जाताना अंगातली उष्णता घेऊन जातं. आपल्या माठाचंच लॉजिक. बर्लिनमध्ये जुलैत कडक ऊन आणि कोरडी हवा असली की चिकूला ते मस्त मानवतं. मुलुंडला मे महिन्यात मात्र गंमतच झाली. जिथे गॅलरीत टाकलेला टॉवेल दुपार उलटली तरी ओलाच, तिथे ते जाकीट कसलं सुकतंय, थोड्या वेळात कोमट झालं आणि बंड्या त्यात शिजायला घातल्यासारखा धापा टाकत उभा. वहिनीने सरळ काढून ते दोरीवर टाकलं आणि म्हणाली, अहो ताई, हे त्याला स्वेटर झालंय.

यात एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांना थोडा येतो, बाकी सगळी मदार जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर, आणि ती युक्तीसुद्धा पाणी उडण्यावरच चालते. म्हणजे दमट हवेत त्याचा स्वतःचा कूलरही अर्धवटच चालतो. म्हणून मुंबईचा उकाडा तिकडच्या उन्हापेक्षा जास्त धोक्याचा, आणि पगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्यांना तर फारच. उपाय काय तर उघडी लादी, वर पंखा, पोटाला आणि पायांना साधं पाणी लावायचं, आणि फिरवणं भल्या सकाळी नाहीतर सूर्य बुडाल्यावर. डांबरावर हाताची मागची बाजू टेकवून बघायची, आपल्याला धरवत नसेल तर त्यालाही नको. जेल भरलेली मॅट आणली होती तीही थोडा वेळ गार लागते, मग अंगाइतकीच गरम होते, शिवाय बंड्याने ती कोपऱ्यातून खायलाच घेतली. आणि हस्की पाळणाऱ्यांनो, उन्हाळा आला म्हणून त्याचं टक्कल करू नका प्लीज. तो केसांचा थर ऊनही अडवतो. मुळात मुंबईत हस्की का, हा प्रश्न मी गिळते.

आता गोचीड. या विषयावर मी तासभर बोलू शकते, तर थोडं सहन करा.

बर्लिनची गोचीड गवतात राहते, वाट बघत बसलेली असते, कुत्रा किंवा माणूस घासून गेला की चढते. तिकडे भीती लाइम नावाच्या आजाराची. म्हणजे जंगलातून आलं की कुत्रा तपासायचा, काम झालं. मुंबईत कुत्र्यांवर जी तपकिरी गोचीड असते ती वेगळी जात, ती घरातच संसार मांडते. रक्त पिऊन टम्म फुगली की खाली उतरते आणि भिंतीच्या भेगेत, पडद्याच्या मागे, सोफ्याच्या शिवणीत जाऊन एकेक मादी हजारो अंडी घालते. म्हणून नुसत्या कुत्र्यावर औषध मारून उपयोग नाही, आणि म्हणूनच लोक म्हणतात की अगं आमचा तर खालीही जात नाही, मग कुठून आल्या. घरातूनच आल्या. एर्लिकिया आणि बबेसिया, गोचीड चावल्याने रक्तात जाणारे जंतू, ही दोन नावं लक्षात ठेवा, आपल्याकडे ज्याला टिक फिव्हर म्हणतात तो यांच्यामुळे. कुत्रा मलूल होतो, जेवण सोडतो, अंग तापतं, हिरड्या पांढुरक्या दिसतात, कधी नाकातून रक्त येतं. असं काही दिसलं तर गुगल नाही, डॉक्टर.

यासाठी मी आणलेली आणि खरोखर कामाला आलेली वस्तू म्हणजे गोचीड काढायचा हूक. बोटभर प्लास्टिकचा तुकडा, पुढे फट असलेला, वजन जवळपास काहीच नाही. केस बाजूला करायचे, फट कातडीला लागून गोचिडीच्या खाली सरकवायची, आणि वर न खेचता गोल फिरवायचं. दोनतीन फेऱ्यांत ती आपसूक सुटते, तोंडासकट. बाबा आधी रॉकेलचा बोळा लावायचे, कोणी खोबरेल तेल लावतं, कोणी अगरबत्तीचा चटका देतं. हे सगळं बंद करा, गोचीड दचकली की आतलं सगळं जखमेत ओकते आणि आजार तिथूनच जातो. नखाने चिरडायचीही नाही. एका झाकणात स्पिरिट किंवा साबणाचं दाट पाणी घ्यायचं आणि त्यात टाकायची. आता बाबा रोज संध्याकाळी बातम्या बघताना चष्मा कपाळावर चढवून बंड्याचे कान, बोटांमधली जागा आणि शेपटीचं बूड तपासतात, मिळाली की झाकणात टाकतात आणि आईला जाहीर करतात. आई म्हणते, अहो, जेवणाची वेळ झाली, ते झाकण आधी आत घेऊन जा.

औषधं मात्र बर्लिनहून आणू नका. गोळ्या, मानेवर सोडायचे थेंब, सगळं इथे मिळतं, आणि डोस वजनावर ठरतो. एक गोळी महिनाभर चालते, दुसऱ्या प्रकारची १२ आठवडे. कुत्र्याला आधी कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगायचं, कारण यातल्या एका अख्ख्या गटाबद्दल अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिकडच्या औषधं तपासणाऱ्या सरकारी खात्याने, २०१८ मध्ये फिट येऊ शकते अशी सूचना काढलेली आहे. आणि घरात मांजरही असेल तर परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असलेलं काहीही घरात नको, मांजराला ते विष आहे.

पावसाळा. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात म्हणून पंजांना लावायचं मेणासारखं बाम मिळतं, चिकूला लागतंच. इथे बंड्याला काय करायचंय ते? इथे प्रॉब्लेम ओलाव्याचा. बोटांच्या बेचक्यात ओल राहिली की खाज, लाल कातडी, वास, आणि मग रात्रभर चाटण्याचा चपचप आवाज. रबरी बूट घातले तर ओल आतच कोंडते. दादाकडे आता पंजे धुवायचा सिलिकॉनचा मग आहे, आत मऊ काटे असलेला, चांगला आहे पण खरं सांगू, मोरीत उभं करून तांब्याने पाणी ओतलं तरी तेच होतं. महत्त्वाचं आहे पुसणं. आणि त्यासाठी महागड्या मायक्रोफायबरपेक्षा आपला सुती पंचा बेस्ट, पाणी शोषतो, धुतला की लगेच वाळतो, आणि बोटांच्या मध्ये घालता येतो. तुंबलेल्या पाण्यातून कुत्रा नेऊच नका, उंदराच्या मुतातून लेप्टोचा ताप पसरतो हे २००५ च्या २६ जुलैच्या पुरानंतर मुंबईकरांना सांगायला नको. कुत्र्यांनाही होतो आणि त्यांच्यासाठी लस असते, ती दरवर्षी घ्यायची. बंड्याची जुलै यायच्या आधीच असते, वहिनीने फ्रिजवर तारीख लावून ठेवलीय.

घरात कंटाळलेला कुत्रा आणि वर्क फ्रॉम होम करणारी वहिनी, यावर उत्तर म्हणजे काँग. पोकळ रबराचं खेळणं, आत खाणं भरायचं. अमेरिकेत कोलोरॅडोत एका माणसाचा जर्मन शेफर्ड दगड चावायचा, त्याने फोक्सवॅगनच्या व्हॅनचा सस्पेन्शनमधला रबरी पार्ट त्याच्यापुढे टाकला, कुत्रा त्यावरच फिदा, आणि १९७६ मध्ये त्यातून कंपनी निघाली. तर आम्ही त्यात दहीभात भरून फ्रीझरमध्ये ठेवतो. बिनमिठाचा, बिनफोडणीचा. आईचा पहिला प्रश्न होता, भात रबरात कोंबायचा? आता तीच रात्री भरून ठेवते आणि वर एक गाजराचा तुकडा खोचते. बंड्या ते दोन पंजांत धरून वहिनीची अख्खी मीटिंग काढतो, फक्त शेवटी ते दिवाणाखाली घरंगळतं आणि मग तो दिवाणावर भुंकतो, आणि तिकडे बॉसला वाटतं घरात चोर शिरला. जुनी चादर गुंडाळून दिवाणाच्या खालची फट बंद केली की हेही मिटतं.

तिकडची बघून पीनट बटर भरणार असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) लिहिलंय का ते बघा, कुत्र्यांना ते अगदी थोडंही भयंकर. आपल्या घरातलं म्हणाल तर कांदा, लसूण, आणि मनुका, बेदाणे. पोहे आणि प्रसादाचा शिरा इथेच घात होतो, पाहुणे लाडाने घास देतात आणि आपण नको नको म्हणेपर्यंत गेलेला असतो.

पट्टा आणि साखळीबद्दल थोडक्यात. तो आपोआप लांब होणारा पट्टा, फ्लेक्सी, १९७३ पासूनचं जर्मन प्रॉडक्ट, बर्लिनमधल्या टेम्पेलहोफच्या जुन्या विमानतळाच्या मोकळ्या मैदानावर ठीक. मुलुंडच्या रस्त्यावर समोरून रिक्षा, बाजूने स्कूटर आणि पुढच्या चौकात त्या एरियाचे चार दादा कुत्रे, तिथे पाचेक फुटांचा साधा मजबूत पट्टा हवा. देशी कुत्र्यांचं डोकं मानेच्या मानाने बारीक, घाबरला की गळपट्ट्यातून मागे सरकून सुटतो, म्हणून छातीवर वाय आकाराचा हार्नेस आणि गळ्यात ओढल्यावर थोडा आवळणारा मार्टिंगेल गळपट्टा, आणि पट्टा दोन्हीला क्लिप करायचा. विसर्जनाच्या ढोलाला आणि दिवाळीत तर कंपल्सरी. हा हार्नेस मात्र मी मापं घेऊन तिकडून आणला, पैसे वसूल.

कातडीखालची ओळखीची चिप बसवाच, पण चिप वाचायला रीडर लागतो, तो दवाखान्यात असतो, रिक्षावाल्याकडे नसतो. म्हणून स्टेशनजवळच्या चावीवाल्याकडून पितळेच्या बिल्ल्यावर दादाचा फोन नंबर कोरून घेतला. आसपासच्या आयफोनवरून ठावठिकाणा सांगणारा एअरटॅगही आहे, मुंबईत आयफोन इतके झालेत की चालतो बरा. २०२३ मध्ये मुंबई विमानतळाबाहेरच्या भटक्या कुत्र्यांच्या गळ्यात क्यूआर कोड लावले होते, स्कॅन केलं की लसीकरणाची माहिती, तसे आता पाळीव कुत्र्यांसाठीही मिळतात. आणि हो, बीएमसीचं लायसन्स काढा. आम्ही बर्लिनमध्ये एका कुत्र्यामागे वर्षाला १२० युरो कुत्रा-टॅक्स भरतो, दुसरा घेतला तर त्याचे १८०, आणि फिरवताना शी उचलायची पिशवी जवळ नसेल तर तोही नियमभंग. लिफ्टमध्ये कुत्रा नको म्हणणाऱ्या सोसायटीच्या काकांना ॲनिमल वेल्फेअर बोर्डाचं २०१५ चं पत्रक दाखवता येतं, पण शी उचलणारा माणूस असाल तर ते काढायची वेळच सहसा येत नाही. जुना पेपर आणि सुपली चालते, स्टायलिश पिशव्यांचा रोल हवाच असं नाही.

शेवटचं, फिनेल. पिल्लू घरात एकाच कोपऱ्यात परत परत शू करतं कारण फिनेलने आपल्या नाकाला वास जातो, त्याच्या नाकाला नाही. एन्झाइमवालं क्लीनर घ्या, ते वासाचं मूळच तोडतं. शिवाय फिनेल पंजांना लागतं आणि तेच पंजे तो चाटतो. यावर आमच्या घरी अजून एकमत नाही. हॉलमध्ये क्लीनर, स्वयंपाकघरात आईचं फिनेल, आणि तिथे बंड्याला लादी सुकेपर्यंत नो एंट्री, जी तो उंबऱ्यावर हनुवटी आणि पुढचे दोन पंजे आत ठेवून पाळतो.