पांढरा साका

ऑक्टोबरात डोळ्यांच्या ओपीडीत बसलं की बाहेर कुठलं काम चालू आहे ते विचारावं लागत नाही. दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडच्या माणसांचे डोळेच सांगतात. द्राक्षाच्या गोडी छाटणीचे दिवस. कापलेली काडी बाळ्यांनी, म्हणजे वेलीच्या तंतूंनी, तारेला धरून बसलेली असते. हिसका मारून ओढली की सुटते आणि चाबकासारखी तोंडावर येते. त्यात पाऊस रेंगाळलेला, हवा दमट. बुरशीला आणखी काय हवं?

ते दादा दिंडोरी तालुक्यातले, चाळिशीचे. सोबत बायको. उजव्या डोळ्यावर रुमाल धरलेला. काडी लागून अकरा दिवस झाले होते. घरच्यांना संशय पेस्टचा. छाटणी झाली की काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. (वेलीच्या त्या कोंबालाही आपल्याकडे डोळाच म्हणतात.) पण औषध उडून डोळा भाजला तर तो त्याच घटकेला पेटतो. यांचं तसं नव्हतं. दोन दिवस खुपलं, पाणी आलं. मग गावातल्या मेडिकलमधून थेंब आणले.

"टाकले का लगेच गार वाटायचं मॅडम. लाली बी गेली. मंग सहाव्या-सातव्या दिवसापासून जो ठणका लागलाय..."

बाटली खिशात होतीच. मी उलटी करून बारीक अक्षरं वाचली. अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र. चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही असं वेष्टनावर छापलेलं असतं, ते छापलेलंच राहतं.

उजव्या डोळ्यानं तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरही दिसेना. मीटरभरावरून माझी बोटं तेवढी मोजता आली. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रात, पाहिलं. बुबुळाच्या काचेवर, म्हणजे कॉर्नियावर, साधारण चार मिलिमीटरचा करडा-पांढरा व्रण. पृष्ठभाग कोरडा, किंचित उचललेला. कडा पिसासारख्या विसकटलेल्या. मुख्य व्रणापासून थोडं सुटून दोन बारके ठिपके. आणि खाली, काचेच्या मागच्या पाण्यात, पुवाचा थर बसलेला, दीड मिलिमीटर तरी असेल. कॉर्निया मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. म्हणजे व्रण आरपार जायच्या आधी हाताशी किती जागा आहे ते बघा.

डोळ्यांनी बघून बुरशी म्हणणं सोपं असतं, पण मी त्यावर औषध लिहीत नाही. बधिरतेचे थेंब टाकले आणि पंधरा नंबरच्या ब्लेडनं व्रणाची कड आणि तळ खरवडला. थोडा भाग कल्चरला, म्हणजे वाढवून बघायला, थोडा काचपट्टीवर. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब. त्यानं पेशी, चिकटा सगळं विरघळतं, बुरशीची भिंत मात्र टिकते. मायक्रोस्कोपमध्ये फार शोधावं लागलं नाही. आडव्या पडद्यांचे, फाटे फुटलेले धागे, अख्ख्या फील्डभर. बायकोलाही बोलावून दाखवले. ती म्हणाली, "हे तर भुरीसारखं दिसतंय." द्राक्षवाल्यांना बुरशी समजावून सांगावी लागत नाही, हे एक बरं.

समजावून सांगावं लागलं ते त्या थेंबांचं. लाली, सूज, पाणी ही शरीराची बोंब असते. स्टेरॉइड ती बोंब बंद करतं. चोर घरातच राहतो, उलट निवांत होतो. "म्हणजे बरं वाटत होतं ते खोटं?" दादांनी विचारलं. वाटणं खरं होतं, म्हटलं, बरं होणं खोटं.

नाटामायसिन हे बुरशीवरचं औषध लिहून दिलं, पाच टक्के. दिवसा तासाला एक थेंब, रात्रीही दोन-दोन तासांनी उठून. बाटली हलवून टाकायची, कारण औषधाचा साका तळाशी बसतो. जुनं, साधं औषध आहे. व्होरिकोनाझोल हे नवं औषध याच्यापेक्षा भारी ठरेल असं आम्हा सगळ्यांना वाटायचं. मदुराई आणि इतर ठिकाणच्या अरविंद नेत्र रुग्णालयांत झालेल्या तुलनेचे निष्कर्ष २०१३ साली आले आणि धागेवाल्या बुरशीत, त्यातही फ्युझेरियम नावाच्या बुरशीत, हे जुनंच सरस ठरलं. दुखणं कमी व्हावं म्हणून बाहुली मोठी ठेवणारे थेंब दिले. जुनी बाटली बंद. ॲडमिट व्हा म्हटलं, तर दादा बायकोकडे बघायला लागले. तीन एकर छाटणी बाकी होती आणि मजुरांची टोळी दुसऱ्या दिवसापासून ठरलेली. एकदा सोडली तर पंधरा दिवस मिळत नाही. मी जोर धरला नाही. ती चूक माझी. तासातासाचे थेंब सांगून माणसाला मळ्यात पाठवायचं आणि थेंब पडतील असं धरून चालायचं, हे तेव्हा मलाच कळायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी या सांगितलं होतं, आले चौथ्या दिवशी. डोळा लालभडक. व्रण पाच मिलिमीटर, पू अडीचवर. बायको दारातूनच सुरू झाली. "तुमच्या औषधानं वाढलं. पहिलं होतं तेच बरं होतं."

स्टेरॉइड थांबलं की दाबलेली सूज उसळते, थोडं वाढलेलं दिसणारच होतं. पण पाच मिलिमीटर? मी खालची पापणी खाली ओढली. नाटामायसिन टाकणाऱ्याच्या पापणीच्या खळग्यात दह्याच्या कवडीसारखा पांढरा साका सापडतो. व्रणालाही तो चिकटून बसतो. आम्ही तो पुसून काढतो आणि मनातल्या मनात खूश होतो. इथं पापणी स्वच्छ होती, धुतल्यासारखी.

"दादा, कोणते थेंब टाकताय?"

ते काही बोलेनात. मग बायकोनंच पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. तीच जुनी बाटली, नव्यानं आणलेली. नाटामायसिन पहिल्या दिवशी टाकलं, झोंबलं. लाली वाढली, तशी गार वाटणारी बाटली परत आणली. मला राग आला, नाही असं नाही. पण ठणकणारा डोळा घेऊन दिवसभर वेलीखाली हात वर करून उभं राहायचं असेल तर मी तरी कोणती बाटली उचलली असती?

त्या दिवशी मात्र मी ऐकलं नाही. कल्चरचा निकालही हातात होता. माध्यमाच्या प्लेटवर मी ओढलेल्या इंग्रजी सीच्या आकाराच्या रेघांवरच कापसासारखी पांढरी वाढ. मायक्रोस्कोपखाली होडीच्या आकाराचे बीजाणू. फ्युझेरियम. तिथंच सांगितलं, आता कॉर्नियाला भोक पडलं तर दुसऱ्याचा कॉर्निया बसवावा लागेल, आणि तोही नजरेसाठी नाही, डोळा जागेवर राहावा म्हणून.

दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मॅडम, तिकडचे डोळे फुटायला आले. इकडचा फुटू नये एवढं बघा."

सिस्टर हसली, मग एकदम गंभीर झाली. ॲडमिट केलं. छाटणी त्यांच्या मेव्हण्यानं उरकली. रात्री थेंब टाकायला आमच्या सिस्टर उठायच्या. दर दोन दिवसांनी मी व्रणावरचा मेलेला पापुद्रा खरवडायची, कारण नाटामायसिन खोलवर शिरत नाही, त्याला वाट करून द्यावी लागते. सहा दिवस काहीच हललं नाही. सातव्या दिवशी पिसासारख्या कडा जराशा बोथट वाटल्या. मी ज्युनिअरला बोलावून पुन्हा मोजायला लावलं, कारण आपल्याला हवं ते दिसायला लागतं. त्याचंही माप तेच आलं. दहाव्या दिवशी पू रेघेएवढा राहिला.

डिस्चार्जनंतर पहिल्या तपासणीला मी हात पुढे करायच्या आतच दादांनी स्वतःची पापणी खाली ओढून दाखवली. पांढराशुभ्र साका. बायको म्हणाली, "मोबाइलला गजर लावलाय तासाचा. शेजारचे वैतागलेत."

व्रण भरायला सहा आठवडे लागले. मधोमध पांढरा डाग राहिला, नजर ६/६० वर, म्हणजे तक्त्यावरच्या सगळ्यात मोठ्या अक्षरावर, अडकली. डोळा वाचला, पण या नजरेवर ते समाधानी नाहीत आणि मीही नाही. डोळा वर्षभर शांत राहिला तर नजरेसाठी कॉर्निया बदलता येईल, हे मी फाइलमध्ये लिहून ठेवलंय.

फेब्रुवारीत माल निघायच्या वेळी आले होते. एप्रिलच्या छाटणीला गॉगल घाला म्हटलं.

"घातला होता मॅडम मागं. घामानं धुकट होतो. मंग काडीवरचे डोळेच मोजता येत नाहीत."