किती फुटाला पाणी येतं? सांगलीत भाड्याचं घर ठरवतानाचा अनुभव

एक नोकरी कुपवाड एमआयडीसीत, दुसरी मिरजेत, मुलीची शाळा बदलायची आणि घर हलवायला मे महिना. सांगलीत बदलून येणाऱ्या बहुतेक कुटुंबांचं गणित थोड्याफार फरकानं असंच असतं. अडचण मे महिन्याची आहे. तेव्हा कृष्णा पात्राच्या तळाशी असते, सगळी घरं कोरडी दिसतात आणि नदीजवळच्या सावलीतल्या गल्ल्या तर फारच आवडतात. 2005, 2019 आणि 2021 चे महापूर मात्र जुलै-ऑगस्टमधले आहेत. म्हणून आम्ही भाडं, खोल्या, पार्किंग हे सगळं मागे ठेवलं आणि प्रत्येक घराला पहिला प्रश्न एकच विचारला: इथं किती फुटाला पाणी येतं?

हे फूट म्हणजे आयर्विन पुलाजवळच्या, कृष्णेची पातळी मोजायच्या पट्टीवरचे फूट. तिथं इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट. 2005 ला पाणी 53 फुटांच्या वर गेलं, 2021 ला 54 च्या वर आणि 2019 ला 57 च्या वर. सांगलीतल्या जुन्या रहिवाशाला आपल्या दाराचा आकडा पाठ असतो: "आमच्याकडं 46 ला अंगणात, 48 ला उंबऱ्यात." हा आकडा कळला की पुढचा हिशोब सोपा आहे. 43 फुटाला अंगणात पाणी येत असेल, तर 57 ला तिथं साधारण 14 फूट पाणी उभं राहणार, म्हणजे तळमजला पूर्ण बुडून पहिल्या मजल्यावरही पाणी. 55 ला पाणी येणारं घर 2019 सोडलं तर कोरडंच राहिलेलं असतं. दोन्ही घरं "पूरपट्ट्यातली"च म्हटली जातात, पण त्यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

आकडा घरमालकाला किंवा एजंटला विचारून भागत नाही. आम्ही गल्लीतला किराणा दुकानदार, पिठाची गिरणी आणि समोरच्या घरातलं वयस्कर माणूस अशा तिघांना विचारायचो. तिघांचे आकडे फूट-दीड फुटाच्या आत जुळले तर तो खरा धरायचा. घरही बोलतं. भिंतीचा खालचा चार-पाच फुटांचाच पट्टा नव्यानं रंगवलेला, दाराच्या फळ्या खालून फुगलेल्या, स्वयंपाकघरातले प्लायवूडचे कप्पे फक्त खालचे बदललेले, विजेचं मीटर आणि स्विचबोर्ड हात उंचावून गाठावे लागतील इतके वर नेलेले, कंपाउंडच्या कोपऱ्यात बारीक गाळ. यातल्या दोन खुणा एकत्र दिसल्या की आम्ही पुढच्या घराकडे निघायचो.

सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड इथं पाणी सगळ्यात आधी येतं. गावभाग, टिळक चौक, मारुती चौक, हरिपूर रोड हे त्यानंतरचे. गावभागातले वाडे, बाजार, देवळं हाताशी आहेत, तिथं राहायला आम्हालाही मनापासून आवडलं असतं. पण "वरचा मजला घ्या, काही होत नाही" हा सल्ला पटला नाही. वरच्या मजल्यावर सामान वाचतं, माणसं मात्र अडकतात. वीज तोडावी लागते, मोटर बंद म्हणून टाकीत पाणी नाही, गाडी आधीच दुसरीकडे नेऊन ठेवायची आणि घरी आजारी माणूस असेल तर बोटीशिवाय बाहेर पडता येत नाही.

शामरावनगरचा प्रश्न थोडा वेगळा आहे. तिथं महापूर नसतानाही पावसाचंच पाणी तुंबतं. सखल भाग, काळी माती आणि निचऱ्याला उतार कमी. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, त्यामुळे पाया नीट खोल नसलेल्या घरांना तिरक्या भेगा पडतात आणि फरशी मध्येच बसते. अशा भागात घर पाहायचं तर मोठ्या पावसानंतर दोन दिवसांनी जावं आणि रस्त्यावर पाणी किती उरलंय ते बघावं.

दुसरी चाळणी रस्त्याची. घर आणि कामाची जागा यांच्यामध्ये नदी येते का, हे नकाशावर बोट ठेवून पाहिलं. सांगलीवाडी शहराला लागूनच आहे, पण आयर्विन पुलाच्या पलीकडे, म्हणजे नदीपार. पुरात इस्लामपूरकडचा (आताचं ईश्वरपूर) आणि अंकलीमार्गे कोल्हापूरचा रस्ता बंद पडू शकतो. पलूस-तासगावकडे काम असणाऱ्यानं कर्नाळ रोडच्या भरवशावर न राहता माधवनगर-बुधगावची बाजू पाहावी. आमच्या दोन्ही नोकऱ्या नदीच्या एकाच बाजूला होत्या, त्यामुळे विश्रामबाग, वारणाली, वानलेसवाडी आणि मिरज एवढीच यादी उरली. मिरजेत रेल्वे जंक्शन आणि दवाखाने जवळ. घरात म्हातारी माणसं असतील किंवा गावाकडे सतत रेल्वेनं जायचं असेल तर मिरजच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही विश्रामबागची शंभरफुटी रोडच्या आतली गल्ली निवडली, कारण तिथून दोन्ही नोकऱ्या वेगवेगळ्या दिशांना असल्या तरी रोजची ये-जा साधारण सारखी पडते. ठरवण्याआधी सकाळी साडेनऊला आणि संध्याकाळी सहाला दोन्ही रस्ते प्रत्यक्ष दुचाकीवरून जाऊन पाहिले. रविवारी दुपारी पाहून काही कळत नाही.

कोरड्या भागातही पाण्याची चौकशी सोडायची नाही. महापुरात नदीकाठचे उपसा पंप बंद पडले की विश्रामबागचे नळही कोरडे पडतात. माणशी रोज 135 लिटर धरले तर चौघांना 540 लिटर लागतात, म्हणजे 1000 लिटरची टाकी दोन दिवसही पुरत नाही. बोअर आहे का आणि त्याचं पाणी जड आहे का, तेही बघावं. नळाच्या तोटीवर पांढरा थर आणि साबणाला फेस कमी, म्हणजे पाणी जड. गीझर दरवर्षी उघडून साफ करावा लागणार.

वीजबिलाची प्रत मागून घेतली. त्यावर 12 अंकी ग्राहक क्रमांक आणि थकबाकी दिसते. मालकाच्याच मीटरवर सबमीटर असेल तर दोन कुटुंबांचं युनिट एकत्र मोजलं जातं आणि 100 किंवा 300 युनिटांची पायरी ओलांडून दर वाढतो. स्वतंत्र मीटर नसेल तर प्रति युनिट दर करारात लिहून घ्यावा.

भाडेकरार नोंदणीकृतच केला. साध्या स्टॅम्पवरची नोटरी बरेच जण पुरेशी मानतात, पण 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार नोंदणी बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या आणि अनामतीवरच्या वार्षिक 10 टक्के व्याजाच्या बेरजेवर 0.25 टक्के. महिना 12000 भाडं, 50000 डिपॉझिट, 11 महिने असा हिशोब केला तर शुल्क साडेतीनशेच्या आसपास येतं, महापालिका हद्दीत नोंदणी फी 1000 रुपये वेगळी. एवढ्यासाठी नोंदणी टाळू नये, कारण आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याखालच्या मोफत) शाळाप्रवेशापासून गॅसपर्यंत पत्त्याचा पुरावा म्हणून हाच कागद चालतो. करारात आम्ही दोन ओळी जास्तीच्या घातल्या: घर राहण्यायोग्य नसेल तेवढ्या दिवसांचं भाडं नाही, आणि नैसर्गिक आपत्तीत झालेली भिंत, वायरिंगची दुरुस्ती मालकाकडे. मालकानं पोलीस ठाण्याला दिलेल्या भाडेकरूच्या माहितीची पोच आपल्याकडेही ठेवावी.

जुन्या गावातून निघण्याआधी दोन कामं तिथंच उरकायची. गॅसचा सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्यायचं, शेगडी तेवढी बरोबर आणायची. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नाव आणि जन्मतारीख आधारशी अक्षर न अक्षर जुळते का, हे तिथल्या क्लार्कसमोर उभं राहून तपासायचं. परराज्यातून येत असाल तर दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरीही निघण्यापूर्वीच घ्या, नंतर त्यासाठी पुन्हा जावं लागतं.