दुबईत फ्लॅट घेतला, चकरा लातुरात मारल्या

"काका, लेकरू कुठल्या देशात शिकतंय?"

लातुरातल्या बँकेत परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म पुढं केला की पहिला प्रश्न हाच. त्यांचंही चुकत नाही म्हणा. आमच्या गावातून बाहेर पैसे जातात ते बहुतेक एमबीबीएसला गेलेल्या पोरांच्या फीचे. त्या सवयीनं माझ्याही फॉर्मवर एस०३०५ पडला. हा शिक्षणाचा कोड आहे. परदेशात घर घ्यायचा कोड एस०००५. मधला एकच आकडा वेगळा, पण चुकीचा कोड गेला तर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते तो कर, चुकीच्या दरानं कापला जातो आणि शिक्षणासाठी म्हणून गेलेल्या पैशातून घर कसं आलं, याचं उत्तर पुढं तुम्हालाच द्यावं लागतं. सही करायच्या आधी कोड स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. मी वाचला म्हणून सापडला.

गोष्ट २०२५ च्या उन्हाळ्यातली. फ्लॅट पुनर्विक्रीचा, ९,५०,००० दिरहमचा. त्यावर दुबई लँड डिपार्टमेंटचे ४ टक्के म्हणजे ३८,०००, एजंटचे २ टक्के म्हणजे १९,००० आणि त्यावर ५ टक्के व्हॅट ९५०, व्यवहार नोंदवणाऱ्या ट्रस्टी ऑफिसचे ४,२००, वर ५८० किरकोळ. एकूण १०,१२,७३०. एका डॉलरला ३.६७२५ दिरहम हा दर बांधलेलाच आहे, म्हणजे सुमारे २ लाख ७६ हजार डॉलर. एलआरएस, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली, एका माणसाला एप्रिल ते मार्च या वर्षात अडीच लाख डॉलरच पाठवता येतात. म्हणून बायकोचं नाव जोडलं, पैसे निम्मे निम्मे आणि टायटल डीडवरही, म्हणजे मालकीच्या कागदावरही, दोघं. पैसे दोघांचे आणि कागद एकाच्या नावावर, असं करू नका. बँक तिथंच अडवते.

दिरहमला तेव्हाचा साडेतेवीस रुपये दर धरला तर हे २ कोटी ३८ लाख होतात. आता टीसीएस. घरासाठी पाठवलेल्या पैशावर माणशी पहिले १० लाख सोडून उरलेल्यावर २० टक्के. म्हणजे प्रत्येकी २१ लाख ८० हजार, दोघांचे मिळून ४३ लाख ६० हजार. हे घराच्या किमतीत नाहीत, वरून लागतात आणि त्याच दिवशी खात्यात असावे लागतात. प्लॉट विकून हिशेबानं पैसे जमवणारा माणूस इथंच तोंडावर पडतो. भारतातल्या बँकेचं कर्जही यासाठी चालत नाही, कारण एलआरएसमधून असा भांडवली पैसा पाठवायला बँकेनं कर्ज देऊ नये असाच नियम आहे.

माझी रक्कम कोड सुधारल्यावर गेली. दुबईत फॉर्म एफवर, म्हणजे खरेदीच्या करारावर, सह्या झाल्या, १० टक्क्यांचा चेक एजंटच्या हाती गेला आणि ट्रान्सफरची तारीख पडली. ती चुकली तर ९५,००० दिरहमवर पाणी सोडायची पाळी. आणि इकडं बायकोची फाइल बसली.

कारण काय, तर तिचं या बँकेतलं खातं चार महिन्यांचं. "एक वर्ष पूर्ण होऊ द्या, मग या." मी म्हटलं, साहेब, घर विकणारा वर्षभर थांबेल का? साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. आमची शाखा परकीय चलनाची नाही, त्यामुळं फाइल पुण्याच्या फॉरेक्स शाखेत जाते. शेरा तिथून येतो, इथला माणूस फक्त वाचून दाखवतो. शेरा कोणी मारला, कशाच्या आधारावर, हे त्यालाही माहीत नसतं. मंगळवारी गेलो की "पुण्याहून आलं नाही," शुक्रवारी गेलो की "आज सर्व्हर." यात अकरा दिवस गेले.

मग रात्री बसून रिझर्व्ह बँकेचं १ जानेवारी २०१६ चं एलआरएसवरचं मास्टर डायरेक्शन वाचलं. वर्षाची अट खरी आहे, पण वाक्य तिथं संपत नाही. ग्राहक नवा असेल तर बँकेनं खात्याची नीट तपासणी करावी, पैसा कुठून आला हे कळण्यासाठी आधीच्या वर्षाचं बँक स्टेटमेंट घ्यावं आणि ते नसेल तर शेवटची असेसमेंट ऑर्डर किंवा भरलेलं रिटर्न घ्यावं, असं पुढंच लिहिलंय. बायकोच्या जुन्या बँकेचं बारा महिन्यांचं स्टेटमेंट, रिटर्न, प्लॉटच्या खरेदीखताची प्रत आणि त्या परिच्छेदाची प्रिंट असा गठ्ठा केला. वर दोन ओळींचं पत्र लावलं: सदर परिच्छेदानुसार कार्यवाही करावी, अन्यथा नकार लेखी द्यावा. तोंडी नकार देणारा माणूस लेखी म्हटलं की फोन उचलतो. तिसऱ्या दिवशी वर्षाची अट गायब.

तिच्या जागी नवी आली. परदेशी पाठवायच्या पैशावरच्या कराबद्दल सीएचं सर्टिफिकेट १५सीबी आणा, त्याच कराचं आपलं निवेदन १५सीए भरा. तेव्हाच्या आयकर नियम ३७बीबीमध्ये ज्या व्यवहारांना हे फॉर्म लागत नव्हते त्यांची यादी दिली होती आणि परदेशातल्या स्थावर मालमत्तेतली गुंतवणूक, एस०००५, त्या यादीत पाचवी होती. यादी छापली, पाचव्या ओळीवर पिवळी रेघ मारली, पुन्हा पत्र लावलं. सीए म्हणाले, "द्या भरून, वाद कशाला?" त्यांचा सल्ला वाईट नव्हता, पण तोवर मी हट्टाला पेटलो होतो. एकूण २३ दिवसांनी पैसे गेले, ट्रान्सफरच्या तारखेला चार दिवस उरले असताना.

पैसे पाठवताना चार्जेसच्या रकान्यात 'अवर' निवडा, म्हणजे सगळे चार्जेस आपल्याकडून जातात. 'शेअर' ठेवलं तर मधली बँक आपलं काढून घेते, तिकडं रक्कम कमी पोचते आणि तिथल्या बँकेनं काढून द्यायचा मॅनेजर्स चेक थोडक्यासाठी अडतो. तिथला आयबॅन, म्हणजे खाते क्रमांक, २३ अक्षरांचा असतो, मोजून बघा.

दुबईत ट्रस्टी ऑफिसात चेक दिले, सह्या झाल्या, टायटल डीड हातात. तासाभराचं काम, त्याच्याबद्दल लिहायला काही नाही. विकणाऱ्याला बिल्डरची एनओसी लागते आणि सर्व्हिस चार्जची बाकी असली तर ती मिळत नाही, एवढं एजंटकडून आधी वदवून घ्या.

घर सांभाळायचं म्हणजे तिथं दोन खर्च कायमचे. सर्व्हिस चार्ज चौरस फुटावर असतो. ७५० फुटांचा फ्लॅट आणि १५ दिरहम दर धरला तर वर्षाचे ११,२५० होतात. दुसरा कूलिंगचा. इमारतीला डिस्ट्रिक्ट कूलिंग, म्हणजे बाहेरच्या एका मोठ्या प्लांटवरून येणारा गारवा, असेल तर एसी लावा न लावा, कपॅसिटीचं ठरलेलं बिल येतच राहतं. विचारायचा शब्द 'चिलर फ्री', म्हणजे कूलिंगचं वेगळं बिल नाही. हा मी घर घेतल्यावर शिकलो.

लातुरात घर दोन महिने बंद ठेवलं तर धूळ साचते, एवढंच. दुबईची हवा दमट. उन्हाळ्यात एसी पूर्ण बंद ठेवला तर कपाटातल्या कपड्यांना आणि भिंतीला बुरशी धरते. २५-२६ वर चालू ठेवायचा, निघायच्या आधी फिल्टर धुवायचा आणि ड्रेनची नळी साफ करून घ्यायची, कारण ती तुंबली की पाणी छतातून खालच्या बिऱ्हाडात. गीझर बंद, पाण्याचा मेन व्हॉल्व्ह बंद. ज्या गावानं २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यालं, तिथल्या माणसाला नळ बंद करायचं सांगावं लागत नाही. पण बाथरूमच्या जाळीखालचा ट्रॅप आमच्या ध्यानात आला नाही. त्यातलं पाणी आटलं की गटारीचा वास आणि झुरळं सरळ वर येतात. जाताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर खायचं तेल ओता, तेलाच्या थरानं पाणी लवकर आटत नाही.

रिटर्नचं राहिलं. परदेशात घर असलं की आयटीआर-१ चालत नाही. आयटीआर-२ मध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशातल्या मालमत्तेचा तक्ता, भरायचं आणि त्यात वर्ष जानेवारी ते डिसेंबर धरायचं, मार्च नाही. विसरलं तर ब्लॅक मनी कायद्याखाली १० लाखांचा दंड बसू शकतो. भाडं येत असेल तर तेही इथं दाखवायचं.

आणि माझी खरी चूक ही. निम्मे निम्मे पाठवायला नको होते. माझा आगाऊ कर दर तिमाहीला भरायचा असतोच, टीसीएस त्यात वळता झाला. बायकोचं उत्पन्न थोडकं, तिचे २१ लाख ८० हजार रिफंड येईपर्यंत अडकून. अडीच लाख डॉलर माझ्या नावानं आणि उरलेले २६ हजार तिच्या नावानं पाठवले असते, तर एवढे अडकले नसते. टीसीएसचं २७डी सर्टिफिकेट बँकेनं आपणहून दिलं नाही, मागून घ्यावं लागलं. बायकोचं मिळालं तिसऱ्या चकरेत, तेही माझ्या पॅनवर काढलेलं. दुरुस्त होऊन यायला आणखी दोन चकरा लागल्या.