लेहच्या हिवाळ्यात राहिलेली गाडी

सप्टेंबरच्या अखेरीस वडिलांच्या आजारपणाचा फोन आला तेव्हा मी लेहमध्ये होतो. दुसऱ्याच दिवशी विमान पकडले आणि माझी जुनी डिझेल गाडी चांगस्पातील होमस्टेच्या अंगणात राहिली. वडील हिंडूफिरू लागेपर्यंत मनाली आणि श्रीनगर या दोन्ही बाजूंचे रस्ते बर्फाने बंद झाले होते. गाडी आणायला गेलो तो थेट मे महिन्यात.

होमस्टेच्या आमा-लेंनी (लडाखीत आदराने ‘आई’) बॉनेटवर जाड रजई घालून ती सुतळीने बांधली होती आणि दर हिमवर्षावानंतर त्या स्वतः झाडूने बर्फ काढत होत्या. माझ्या गाडीसाठी कुणी इतके केले आहे हे पाहून मला बोलणे सुचेना. पण बंद इंजिनात स्वतःची ऊब नसते, त्यामुळे रजईने त्याचे थंड होणे फार तर काही तास लांबते. लेहमध्ये हिवाळ्यातल्या रात्री पारा उणे १५-२० अंशांपर्यंत उतरतो आणि महिनोन्‌महिने उभी असलेली गाडी तितकीच गार होते.

चूक माझीच होती. मनालीहून येताना सरचूच्या पुढे रेडिएटरचा रबरी पाइप गळू लागला, तेव्हा पांगच्या तंबूतले आणि नंतर ओढ्याचे पाणी भरत मी कसाबसा लेह गाठले. तिथे पाइप बदलला, पण आतले पाणी काढून नवे कूलंट भरले नाही. कूलंट म्हणजे इंजिन तापू न देणारे द्रव, एवढीच माझी पुण्यात तयार झालेली समजूत होती. पण कूलंटमधले एथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे असले तर ते मिश्रण सुमारे उणे ३५ अंशांपर्यंत गोठत नाही. माझ्या इंजिनात मात्र जवळजवळ निव्वळ पाणीच उरले होते. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते आणि इंजिनाचा मुख्य सांगाडा, म्हणजे बिडाचा ब्लॉक, ताणला जात नाही, तो तडकतो.

मी किल्ली फिरवणार, तोच सोबत आलेल्या मिस्त्रींनी माझा हात धरला. “सेल्फ मत मारना,” एवढेच म्हणून त्यांनी आधी ऑइलची पट्टी काढून पाहिली. ऑइलमध्ये पाणी मिसळले असते तर ते दुधाळ दिसले असते आणि तशा अवस्थेत इंजिन फिरवल्याने बेअरिंग गेली असती. ऑइल काळे आणि स्वच्छ निघाले. रेडिएटर मात्र तळाशी फाटला होता आणि ब्लॉकच्या बाजूच्या दोन पत्र्याच्या वाट्या बाहेर पडल्या होत्या. बर्फाचा दाब बाहेर पडावा म्हणूनच या वाट्या असतात, असे मी ऐकून होतो. वास्तविक ओतकामातली वाळू काढण्यासाठी ठेवलेली भोके त्यांनी बुजवलेली असतात आणि त्या निसटल्याने ब्लॉक वाचेलच असे नाही. माझा वाचला नव्हता. नव्या वाट्या बसवून, पाणी भरून हातपंपाने दाब दिला, तेव्हा बाहेरच्या भिंतीवर केसाएवढी, बोटभर लांबीची ओली रेघ उमटली. ती पाहताना पोटात गोळा आला.

श्रीनगरहून रेडिएटर यायला नऊ दिवस लागले आणि त्या दिवसांत मी नुब्रा पाहिले नाही की पँगाँग. प्रवासाच्या सल्ल्यांमध्ये ऑक्सिजनचे सिलिंडर, परवाने आणि जाकिटे यांवर रकानेच्या रकाने भरलेले असतात. गाडी मागे ठेवावी लागली तर तिच्यातले पाणी काढा, हे एक वाक्य मला कुठेही वाचायला मिळाले नाही, याचा मला आजही राग येतो.

मिस्त्रींनी चीर आणखी पळू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना बारीक भोके पाडली, बीड घासून लख्ख केले आणि धातुमिश्रित इपॉक्सीचा लेप दिला. ही बाहेरची भिंत असल्याने तिच्यावर फक्त कूलंटचा दाब येतो, ज्वलनाचा नाही. म्हणून घरापर्यंत हे टिकेल, कायमचे धरू नका, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

निघताना रजईची घडी करून आमा-लेंच्या हातात दिली, तेव्हा गाडी वाचली नाही याचे त्यांनाच वाईट वाटत होते. त्यांच्या रजईत काही कमी नव्हते, हे मी माझ्या तोडक्यामोडक्या हिंदीत पुन्हा पुन्हा सांगत राहिलो. झोजिला उतरून सोनमर्ग येईपर्यंत मी दर तासाला थांबलो, बॉनेट उघडले आणि त्या करड्या लेपावरून बोट फिरवले. बोट प्रत्येक वेळी कोरडे निघाले. जुलैमध्ये पुण्यात ब्लॉक बदलला.