आजोळच्या वाड्यातलं फर्निचर आणि कोर्टाची नक्कल

आमच्या आजोळी कोणालाही विचारा, ‘वाड्यातलं सामान अठ्ठेचाळीस साली जळालं’ हेच उत्तर मिळतं. गांधीहत्येनंतर सातारा-सांगलीकडे ब्राह्मणांची घरं पेटवली गेली, त्यात हा कृष्णाकाठचा वाडाही होता, हे खरंच. पण जळाला तो दर्शनी भाग. मागच्या चौकातलं सामान शाबूत होतं आणि त्यावरून भावाभावांत पुढे वर्षानुवर्षं दावा चालला. जळालेल्या सामानासाठी कोर्टात कोण जातं?

वाटपाच्या दाव्यात कोर्ट कमिशनरने जंगम मिळकतीची यादी केली होती. तिची नक्कल, म्हणजे कोर्टाकडची प्रमाणित प्रत, मिळाली की कुठली वस्तू कोणाच्या हिश्शाला गेली ते कळणार, एवढा साधा हिशेब. या एका यादीपायी अख्खा पावसाळा गेला. कोर्ट कुठलं ते लिहीत नाही, पण नकलांच्या त्या खिडकीपुढचा बाक मी डोळे मिटून ओळखेन.

“तुमचं आडनाव दाव्यात कुठंय?”

“आईचं माहेर आहे हो.”

“मग आईंचं नाव कुठंय?”

असणार कसं? वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना तेव्हा जन्मतः हक्कच नव्हता; महाराष्ट्रात तो १९९४ साली आला. म्हणजे मी त्रयस्थ. त्रयस्थाने अर्जाला शपथपत्र जोडायचं आणि कारण लिहायचं. मी ‘कौटुंबिक इतिहास’ लिहिलं. “हे कारण होत नाही,” म्हणून कागद परत. कुठलं होतं, ते मात्र कोणी सांगेना. शेवटी मामेभावाला गळ घातली. त्याचे आजोबा दाव्यात वादी, त्यामुळे त्याच्या सहीने तोच अर्ज निमूट घेतला गेला. तुमच्या घरात मूळ पक्षकाराचा थेट वारस असेल तर पहिल्या दिवशीच त्याला पुढे करा.

मग दाव्याचा नंबर. ऑनलाइन शोधात इतकं जुनं काही सापडलं नाही. नंबर निघाला मामीच्या ट्रंकेतल्या एका समन्सवर. रेकॉर्ड रूममधून गठ्ठा आला, निकालपत्र होतं, यादी नव्हती. “नष्ट झाली असेल,” असं सांगून खिडकी मोकळी. मुदत संपलेले कागद नष्ट करतात हे मलाही ठाऊक होतं, पण निदान शोधून तरी सांगावं!

वाट दाखवली ती बाहेर चहाच्या टपरीवर, एका वकिलाच्या म्हाताऱ्या कारकुनाने. “अहो, वाटप प्रत्यक्ष झालं ते दरखास्तीत, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीच्या वेगळ्या प्रकरणात. यादी दाव्यात कशाला सापडतेय? दरखास्तीचा नंबर काढा, आणि अर्जात कमिशनरच्या रिपोर्टाची निशाणी, म्हणजे त्या कागदाला कोर्टाने दिलेला नंबर, लिहा.” दरखास्तीचा नंबर निकालपत्राच्या मागेच शाईने लिहिलेला होता. तो गठ्ठा ज्यांनी हाताळला, त्यांच्यापैकी कोणालाही हे दिसलं नसेल?

यादी मात्र देखणी. ‘शिसवी कोच नक्षीदार, एक. संगमरवरी माथ्याचं टेबल, एक पाय सांधलेला. बेल्जियम आरसा, पारा उडालेला. झोपाळ्याच्या पितळी कड्या, दोन जोड.’ पुढे प्रत्येकाचा हिस्सा आणि नंबर.

नंबर हाती आल्यावर काम भराभर झालं. टेबल धाकट्या मामांच्या सुनेकडे, वर मिक्सर. आम्ही ते आडवं केलं तर माथ्याखालच्या लाकडावर पांढऱ्या रंगात ‘ग ७’, यादीत होता तसाच. एक पाय सांधलेला. झोपाळा पुण्यातल्या एका फ्लॅटच्या गॅलरीत, कड्या मूळच्या. कोच मुंबईच्या चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर विकला गेला, तिथे माग संपला. जाणार असाल तर शुक्रवार टाळा, दुकानं बंद असतात.

शिसवी म्हणून दाखवलेली वस्तू उलटी करून बघा. काळं पॉलिश मारलेलं सागवान खालून, जिथे हात फिरवलेला नसतो, तिथे पिवळट दिसतं. शिसवाचं लाकूड आतूनही काळपट जांभळं असतं आणि उचलताना घाम काढतं.

आणि हो, अमेरिकेतल्या भावाला झोपाळा तिकडे हवा होता. १९७२च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू ‘पुरावस्तू’ ठरू शकते, आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू तशी नाही हा दाखला पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आणावा लागतो. मी त्याला सांगितलं, तो अर्ज तू भर, मी आता कुठल्याच खिडकीपुढे उभा राहणार नाही.