दिव्याच्या अलीकडे, दिव्याच्या पलीकडे

लेक नववीला जाणार म्हणून मे महिन्यातच विज्ञानाचं पुस्तक उघडलं. "आई, दिव्यातून गेल्यावर करंट कमी होतो ना?" तिनं विचारलं आणि मी पटकन हो म्हणाले. दिवा उजेड देतो म्हणजे करंट खातच असणार, असंच मला इतकी वर्षं वाटत होतं. पुस्तक मात्र म्हणतं, एकसर जोडणीत, म्हणजे सगळं एकामागोमाग एकाच रस्त्यात जोडलेलं असताना, धारा (करंट) सगळीकडे सारखी. मग मोजूनच पाहायचं ठरवलं.

नागपूरच्या बर्डीवरून नऊ व्होल्टची बॅटरी, लाल एलईडीचा छोटा दिवा, ४७० ओहमचा रेझिस्टर (धारेला अडवणारा भाग) आणि व्होल्टेज, करंट मोजणारा साधा मल्टिमीटर आणला. मीटर २०० मिलिअँपिअरवर ठेवून दोन्ही पिना थेट बॅटरीच्या टोकांना लावल्या. आकडा क्षणभर चमकला आणि शून्य झाला. त्यानंतर मीटर एलईडीच्या रांगेत जोडला, तर एलईडीही पेटेना.

शेजारच्या वायरमन काकांना हाक मारली. "का करून राहिल्या ताई? व्होल्टेज पाहाचं असन त पिना दोन टोकांले लावा. करंट पाहाचा असन त वायर सोडून मीटर मधात टाका." धारा मोजताना मीटरचा रोध जवळपास नसतो, म्हणून बॅटरीनं होती तेवढी धारा त्यातून ढकलली होती. काकांनी मीटर उघडून फ्यूजची काचनळी उजेडात धरली. आतली केसाएवढी तार वितळून गेली होती. रस्ता तिथंच तुटला, मग एलईडी पेटणार कशी?

नवा फ्यूज घातला. रेझिस्टरच्या आधी मोजलं: १५.१ मिलिअँपिअर. एलईडीच्या पुढे, बॅटरीच्या ऋण टोकाजवळ: १५.१. मी पुन्हा मोजायला लावलं. तेच!

हिशेबही जुळला. नवातले साधारण दोन व्होल्ट एलईडीवर, उरलेले सात रेझिस्टरवर. ७ भागिले ४७० म्हणजे जवळपास १५ मिलिअँपिअर. खर्च होते ती ऊर्जा. प्रभार, म्हणजे तारेतून वाहणारा चार्ज, जेवढा निघतो तेवढाच परत येतो. हे मला शाळेत कुणी मोजून दाखवायला हवं होतं.

"मग रेझिस्टर एलईडीच्या नंतर लावला तर?" लेकीनं विचारलं. मला वाटलं, एलईडी जळणार. आधी अडवल्याशिवाय ती वाचेल कशी? तिनं जागा बदलून तार जोडली. एलईडी पहिल्यासारखीच पेटली, मीटरवर १५.१.