गाळलेली 'परि'

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी संशोधक विद्यार्थिनी लॅपटॉप घेऊन विभागात आली. ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायातले शब्द तिने संगणकाकडून मोजून घेतले होते. "मॅडम, यादी एकदम स्वच्छ निघालीय." ज्ञान, कर्म, यज्ञ, सगळं जागच्या जागी होतं. तरी काहीतरी चुकत होतं.

"अगं, यात 'तरी' कुठेय? 'परि'?"

"ते किरकोळ शब्द प्रोग्राम आधीच गाळतो."

मजकुराचा विषय शोधायचा असेल तर ते ठीक. आम्हाला शैली हवी होती. मग तिला मॉस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांचं 1964 मधलं काम सांगितलं. 'फेडरलिस्ट' ही अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने लिहिलेली जुनी लेखमाला. त्यातले 12 वादग्रस्त लेख हॅमिल्टनचे की मॅडिसनचे? विषय दोघांचा एकच, त्यामुळे मोठ्या शब्दांवरून पत्ता लागेना. 'अपॉन' हा साधा शब्द मात्र हॅमिल्टन सतत वापरतो, मॅडिसन क्वचितच. अशा बारीकसारीक शब्दांच्या हिशेबाने कौल मॅडिसनकडे गेला.

तिला पटलं, पण माझं समाधान झालं नाही. मी त्याच अध्यायातली ओवी म्हणून दाखवली: 'जैसें बिंब तरी बचकें एवढें'. सूर्याचं बिंब मुठीएवढं, 'परि' त्याच्या प्रकाशाला त्रैलोक्य अपुरं. शब्दाची व्याप्तीही तशीच अनुभवावी, असं ज्ञानदेव म्हणतात. आता यातून 'तरी' आणि 'परि' काढा. उरतात बिंब, बचक, प्रकाश, त्रैलोक्य. सामान सगळं आहे, पण मूठ आणि त्रैलोक्य ज्या काट्यावर तोलली होती तो काटाच गेला. ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली.

गाळणी काढून पुन्हा मोजणी केली तेव्हा दुसरीच गोष्ट हाती लागली. ज्ञानेश्वरीत एका दृष्टांताला दुसरा जोडणारा 'कां', म्हणजे 'किंवा', आमच्या यादीत एकदाही नव्हता. फाइल टंकणाऱ्याने आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे अनुस्वार काढून टाकले होते. 'कां'चा 'का' झाला होता आणि नपुंसकलिंगी 'तें' 'ते'मध्ये मिसळून गेलं होतं. एवढ्याशा टिंबावर लिंग-वचन उभं असतं! मला खरंच वाईट वाटलं.

छापील प्रत मध्ये ठेवून आम्ही बसलो. मी ओवी वाचायची, तिने टिंब द्यायचं. संध्याकाळी शिपाईमामा कुलूप घेऊन दारात आले, तोवर चाळीस ओव्या झाल्या होत्या.